आज मासे झेमूनचे, पण टेबल घरचे

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. बेलग्रेडमध्ये तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी राहतो. लाकडाने अक्रोडी आहे आणि स्वभावाने जळकुकडा. पहिली गोष्ट येणारेजाणारे कौतुकाने सांगतात, दुसरी मी स्वतःच सांगून टाकतो.

मोरावा नदीकाठच्या एका सुताराने मला घडवले. त्याने मला एक खास सोय दिली. माझे पोट उघडते. दोन बाजूंनी दोघांनी ओढले की आतून एक फळी वर येते आणि सहाजणांचा मी चौदाजणांचा होतो. डोब्रिवोये आणि झागोर्का यांच्या लग्नात मी या घरी आलो. तो ट्राम चालवायचा, ती शाळेत भूगोल शिकवायची. त्या लग्नाला आता अडतीस वर्षे झाली.

फळी वर्षातून एकदाच निघते, स्लावाला. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. आमचा संत निकोला. तो येतो डिसेंबरात, नेमका नाताळाआधीच्या उपवासात. त्यात मटण चालत नाही, मासे चालतात, म्हणून जेवणात मासे. स्लावाला कोणाला बोलावायचे नसते. ज्याला ठाऊक आहे तो येतो, दारातच चमचाभर गोड गहू तोंडात टाकतो आणि बसतो. चाळीस-चाळीस माणसे माझ्यावर तीन पंगतींत जेवून गेली आहेत. माझा पाय एकदाही डुगडुगला नाही.

पण बाकीचे दिवस? बाकीचे दिवस डोब्रिवोये मला सोडून गावभर जेवत असतो! कोणत्या प्रसंगाला कुठे जेवावे, यात त्याचा शब्द अख्ख्या गल्लीत शेवटचा. लोक त्याला फोन करतात.

"डोब्रिवोये, पोरीच्या सासरचे पहिल्यांदाच येतायत. कुठे नेऊ?"

"कांदा खातात का ते?"

"खातात की."

"मग दोर्चोलला, कोपऱ्यावरच्या कबाबवाल्याकडे. सोबत कच्चा कांदा मिळतो. खाल्ल्यावर कुणी कुणाच्या तोंडाजवळ जाऊन भांडत नाही."

हा सगळा सल्ला तो माझ्यावर कोपरे टेकून देतो. लग्नाचा वाढदिवस असला की झेमूनला, डॅन्यूबवरच्या तरंगत्या हॉटेलात माशांचा रस्सा. अंत्ययात्रेनंतर दफनभूमीसमोरची खानावळ. तिथल्या टेबलांच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या आहेत म्हणे, पण अंगावर लाल चौकडीचे कापड! मला मेणकापड. नवराबायको भांडतात माझ्यावर, आणि समेट करायला जातात केकच्या दुकानात. रविवारी सकाळी बुरेक, म्हणजे सारण भरलेली पापुद्र्यांची पोळी, खायला ज्या बेकरीत जातात, तिथे तर टेबलच नाही. उभ्याने खातात, हात तेलकट करून घेतात आणि वर खूश होऊन येतात. सांगा, माणसाने उभ्याने खाणे पसंत करावे, हे टेबलाने कसे सहन करावे?

तरी मी गप्प होतो, कारण स्लावा माझी होती. मग या नोव्हेंबरात झागोर्का म्हणाली, "डोब्रिवोये, अडतीस वर्षं मी त्या दिवशी उभी आहे. गुडघे संपले माझे."

"मग यंदा झेमूनला करू," तो म्हणाला. "चौदा जणांचं सांगून ठेवतो. आणि हे धूडही काढू. स्लावानंतरच्या सोमवारी जुन्या सामानवाल्याला बोलावतो."

धूड म्हणजे मी.

डोब्रिवोयेने नातेवाइकांना फोन लावायला सुरुवात केली. पुतण्या पलीकडून घाबरून म्हणाला, "काका, स्लावाचं बोलावणं? खरं सांगा, कोण गेलं?" प्रत्येक फोनला हेच. शेवटी झागोर्काने विचारले, "आणि स्वेतोमीरला?"

स्वेतोमीर म्हणजे त्यांच्या लग्नातला साक्षीदार. आमच्याकडे हे नाते सख्ख्या भावाच्याही वर धरतात.

"त्याला स्लावाला बोलावू? मला उभा चिरेल तो."

"मग त्याला कळणार कसं, कुठे यायचं ते?"

"कळेल," डोब्रिवोये म्हणाला.

स्लावाच्या सकाळी झागोर्काने माझ्यावर मेणबत्ती लावली, गोल पाव ठेवला, गव्हाचा वाडगा ठेवला. फळी आतच. साडेबाराला दोघांनी कोट चढवले आणि दाराची घंटा वाजली. दारात स्वेतोमीर! वाल्येवोहून पहिल्या बसने आलेला. एका हातात घरच्या दारूची बाटली, दुसऱ्यात फुलांची कुंडी. त्याच्या मागे तीन निवृत्त ट्रामचालक आणि खालच्या मजल्यावरची पेरसिदा.

"कोट घालून का उभा आहेस रे?" स्वेतोमीरने विचारले. "घर थंड आहे का?"

आलेल्या माणसाला 'आम्ही बाहेर निघालोय' म्हणणे या घरात शक्य नव्हते.

"जरा थंडच आहे," डोब्रिवोये म्हणाला आणि कोटासकट खुर्चीवर बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले.

मग फोन वाजला. झेमूनला बाकीची बारा माणसे ताटकळत बसली होती. झागोर्काने फोन घेतला. "मासे तयार आहेत? मग घेऊन या इकडे. रस्सा पातेल्यासकट आणा."

स्वेतोमीरने एक बाजू धरली, डोब्रिवोयेने दुसरी. वर्षभराने ओढल्यामुळे मी जरा अडून बसलो. थोडा मानही हवा होता. मग फळी खट्कन वर आली.

तासाभरात माझ्या छातीवर माझे दोन कट्टर शत्रू हजर होते. मधोमध त्या तरंगत्या हॉटेलाचे पातेले, आणि कडेला कुणीतरी वाटेत घेतलेला, समेटाच्या दुकानातला उपवासाचा बाकलावा. तोही अक्रोडाचा, माझ्याच जातीचा! मी सगळे पेलले, पण मनापासून नाही.

झागोर्का सवयीने पळी घेऊन उभी राहिली. स्वेतोमीरने पळी काढून घेतली. "कोट बघितला तेव्हाच कळलं मला, तुम्ही कुठे निघाला होता ते. तिथे बसली असतीस ना? मग इथेही बस. हा कोटवाला वाढेल."

ती बसली. पाहुण्यांच्या गर्दीत तिचे गुडघे पहिल्यांदाच माझ्याखाली आले. अडतीस वर्षे मी त्या हॉटेलांच्या रश्शावर आणि चौकडीच्या कापडावर जळत होतो. खरे जळण्यासारखे त्यांच्याकडे एवढेच होते, तिथे झागोर्का बसायची.

दुसऱ्यांदा रस्सा घेताना ती म्हणाली, "डोब्रिवोये, सोमवारच्या माणसाला फोन कर. येऊ नकोस म्हणावं."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही घरीच. मासे झेमूनचे, वाढणारा तू."

मित्रांनो, घरच्या टेबलाला वर्षातून दोनदा जवसाचे तेल लावा. गरम पातेल्याखाली फडके घाला. आणि जी वाढते तिला आधी बसवा, म्हणजे बसण्यासाठी तिला गावभर हिंडावे लागणार नाही. मग खुशाल बाहेर जेवा, मी काही म्हणत नाही. फक्त परत आल्यावर तिथला रस्सा किती छान होता, हे माझ्यावर कोपरे टेकून सांगू नका.