टाकीवरच्या खुणा

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पेट्रोलच्या टाकीचे दोन्ही अर्धे भाग उजेडात धरले, उलटसुलट करून पाहिले आणि दाढ काढावी लागेल हे सांगताना काढतात तसा आवाज काढून म्हणाल्या, "काका, फारच गुळगुळीत झालीय हो."

लोहाराला ते कौतुक वाटले. तो हसला. मग त्याच्या लक्षात आले की बाई हसत नाहीत.

बाईंच्या वडिलांची मोटरसायकल ते गेल्यापासून शेडमध्ये पडून होती. सांगाडा गंजून गेला होता, पण इंजिन जिवंत होते. बाईंच्या मनाने घेतले की या इंजिनाला नवे अंग करायचे, तेही कारखान्यातले नव्हे, भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकलेले. चार दुकानदारांनी त्यांना हात जोडले. पाचवा हा लोहार. 'जमणार नाही' हे शब्द याच्या तोंडात कधी बसलेच नव्हते. कुदळी, पहारी आणि फाटकांच्या कड्या करण्यात चाळीस वर्षे गेलेली, मोटरसायकलवर मागेसुद्धा कधी बसलेला नाही, पण चार महिन्यांत पठ्ठ्याने सांगाडा उभा केला. लोखंड पांढरे होईतो तापवायचे, टोकावर टोक ठेवायचे आणि ठोकून दोहोंचे एक करायचे. तो हातोडीने टिचकी मारून जागा दाखवी आणि बायको त्या जागी घण घाली. लग्न झाल्यापासून हीच वहिवाट. टिचकी त्याची, घाम तिचा आणि नाव अर्थातच त्याचे.

"म्हणजे बिघडलं काय?" त्याने विचारले.

"बिघडलं काहीच नाही. पण ही हाताने केलीय हे कळायला नको का? हातोडीच्या खुणा कुठायत?"

आता याच खुणांपायी लोहाराने लहानपणी बापाचा मार खाल्ला होता. खूण राहिली म्हणजे काम कच्चे, हे बापाने त्याच्या पाठीवर ठोकून बसवले होते, आणि तिथे मात्र खुणा राहिल्या होत्या. तरी गिऱ्हाईकाचा शब्द मोडवेना. आठवडाभर खपून त्याने मुद्दाम खुणा उठवल्या. पण मुरलेला हात तो, वेडेवाकडे करणार कसे? खुणा पडल्या त्या कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारख्या, ओळीत आणि सारख्या अंतरावर.

बाईंनी पाहिले आणि मान हलवली. "काका, ही कवळी झाली. खरे दात असे नसतात."

झाले, लोहाराचे डोके फिरले. लोखंड आणायला जातो म्हणून तो अंगात सदरा अडकवून निघाला आणि चहाच्या दुकानात जाऊन बसला. चांगले काम वाईट करून मागणाऱ्या लोकांबद्दल त्याने तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला दुपारपर्यंत ऐकवले.

इकडे बायकोने थोडा वेळ वाट पाहिली. हातावर हात ठेवून बसणे तिच्या स्वभावातच नव्हते. तिने जुन्या मापाने नवा पत्रा कापला, खोलगट केलेल्या ओंडक्यावर ठेवला आणि नवऱ्याची ती गोल तोंडाची हातोडी उचलली, जिला तो कुणालाही हात लावू देत नसे. जागा दाखवायला टिचकी नव्हतीच. तिने आपली सुरुवात केली.

लोहार परतला तेव्हा टाकीचे दोन्ही भाग ओंडक्यावर तयार होते. त्याने दोरीने मापे घेतली. एकावर एक ठेवून पाहिले, तर फटीत कागद जाईना. खुणा मात्र अंगभर होत्या, लहान-मोठ्या, कुठे दाट कुठे विरळ, वाऱ्याने तळ्याचे पाणी शहारावे तशा. खोड काढायला त्याने पुन्हा सुरुवातीपासून पाहिले.

"हातोडी जागेवर ठेवलीस का?" तो शेवटी म्हणाला.

"ठेवली."

विषय तिथेच मिटला.

डॉक्टरीणबाई मात्र टाकी पाहून हरखल्या. "काका, याला म्हणतात हात," त्या म्हणाल्या. लोहार नुसता खाकरला. बायको राखेतले कोळसे वेचत होती. तिने मान वर केली असती, डोळे वटारले असते, तर त्याला बरे वाटले असते. त्याची त्याला सवय होती. तिने काहीच केले नाही. जेवायलासुद्धा रोजच्यासारखेच वाढले.

मोटरसायकल न्यायच्या दिवशी बाईंबरोबर त्यांचे आठ मोटरसायकलवाले दोस्त आले, भर उन्हात चामड्याची जाकिटे घालून. सगळे टाकीभोवती जमले. एकाने विचारले, या खुणा साधल्या कशा? लोहाराने घसा साफ केला आणि सुरू झाला. लोखंडाची जात सांगितली, ओंडक्याचे लाकूड सांगितले, बापाचा मार सांगितला. चांगली दहा मिनिटे बोलला, पण टाकी काही जवळ येईना. शेवटी सांगण्यासारखे काही उरलेच नाही.

"टाकी हिची आहे," तो म्हणाला. "मी तेव्हा चहा पीत होतो."

सगळे तिच्याकडे वळले. बाईंनी विचारले, "काकू, कुठे मारायचं ते कसं कळलं?"

तिने हात पुसले. "आवाजावरून. पत्रा बसला की खणखणीत बोलतो. नाही बसला तर बद्द वाजतो, मग तिथे अजून एक घालायचा." आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "यांना माहीत आहे ते."

लोहाराने मान डोलावली. वर्षानुवर्षे ऐरणीशी राहून त्याचे कान गेले होते. खणखणीत काय आणि बद्द काय, त्याला सारखेच. नजरेच्या भरवशावर तो रेटून नेत होता आणि हे कुणालाही ठाऊक नाही अशी त्याची खात्री होती. बायको अलीकडे नेहमी उजव्या बाजूने येऊन आणि जरा मोठ्यानेच का बोलते, ते त्याला आत्ता कळले.

दुसऱ्या किकला इंजिन उठले. बाई पुढे, आठ जाकिटे मागे, अशी वरात वळणाआड गेली. बायको दारात उभी राहून कान देत होती. लोहार तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"कशी चाललीय?"

"छान चाललीय. उतार संपला. पुलावर चढली बघा."

"अजून येतोय आवाज?"

"येतोय."

तो रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गेली." मग तो आत वळला.