चाळीसच्या वर

चूक प्रेमिलाचीच. बोलायचं तर दार लावून बोलावं माणसानं! पण तिच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

तिची थोरली भावना नुकतीच अठराची झाली होती. वय अठराचं, समज सात-आठ वर्षांच्या लेकराची. लहानपणी डॉक्टरांनी पन्नास टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट दिलं होतं. त्यावर दर महिन्याला सरकारी अनुदान यायचं आणि वाडीतल्या एका सेंटरात भावनाला दिवसभराची जागा मिळाली होती. तिथे ती पाकिटं चिकटवायची, मैत्रिणींसोबत डबा खायची, आणि प्रेमिला गोदामात बिनघोर माल पॅक करायची. पण अठरा झाली की पुन्हा तपासणी, आणि यावेळचा कागद जन्मभराचा. टक्के चाळीसच्या खाली गेले की अनुदान बंद आणि सेंटरही बंद. मग पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायची नि कामावर जायचं, दुसरं काय!

आधार कार्ड, फोटो, जुनं सर्टिफिकेट, सगळे कागद पिशवीत भरता भरता ती धाकट्या रितिकाला म्हणाली, "बाकी काही नाही वं, हिले चाळीसच्या वर टक्के पडले पाहिजेत. पडले की मी सुटली."

भावना तिथेच मेथी निवडत बसली होती. आता त्या घरात टक्के म्हणजे काय? जूनमध्ये रितिकाला दहावीत ब्याऐंशी पडले, तेव्हा अख्खी गल्ली दारात आली होती. मामानं तिला उचलून नाचवलं होतं. भावनाला उभ्या जन्मात कोणी असं उचललं नव्हतं.

"मलेही टक्के पडतीन का वं आई?"

"पडतीन, पडतीन," प्रेमिला कागदांतून मान वर न काढता म्हणाली.

झालं! त्या दिवसापासून पोरीनं रितिकाचं डोकं खाल्लं. मले प्रश्न विचार, मले घड्याळ शिकव. रितिकाला वाटलं, खेळ आहे. तीन आठवड्यांत भावना वार सांगू लागली, आईचा मोबाईल नंबर घडाघडा म्हणू लागली. एक दिवस तिनं घड्याळात साडेसात वाजलेले बरोबर सांगितले आणि प्रेमिलाला रडूच आलं. गोदामात ज्याला त्याला सांगत सुटली, माझ्या भावनाले घड्याळ समजते! हे काहून चाललंय, हे काही बाईनं विचारलं नाही. आनंदात कोण विचारतं?

तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत भावनानं पिशवीतून रितिकाचा लिहायचा पॅड काढला आणि मांडीवर ठेवला. वर दोन पेन.

"हे काहून आणलं वं?"

"पेपर हाय ना माझा. चाळीसच्या वर पाहिजे म्हणे तू."

तीन आठवड्यांचा अभ्यास कशासाठी होता, ते प्रेमिलाला आत्ता कळलं. आता काय सांगायचं हिला? की आज तुझी हुशारी घरी ठेव? तिनं हात धरला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

"जय भीम, सर!" भावना आत शिरतानाच म्हणाली.

डॉक्टर भला माणूस होता, घाई न करता विचारत होते. वार कोणता, घर कुठे, किती वाजले. भावना एकेका उत्तरानंतर आईकडे वळून पाहत होती आणि तिचा चेहरा फुलत चालला होता. मग डॉक्टर प्रेमिलाकडे वळले.

"आंघोळ, कपडे, दुकानातून काही आणणं, हे सगळं एकटी करते का?"

खरं सांगायचं तर नाही. पोरीच्या केसांत साबण तसाच राहतो. रस्त्यावर ट्रक दिसला की ती जागच्या जागी बसून रडते. एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण भावना पॅड छातीशी धरून आईच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. तिच्यासमोर, तिच्या पेपरात, आईनंच 'हिले येत नाही' म्हणायचं? प्रेमिलाची जीभ रेटेना.

"करते जी," ती म्हणाली. "सगळं येते तिले."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "बरीच प्रगती आहे, ताई. पंचवीस टक्के बसतात. कागद मोबाईलवर येईल."

बाहेर आल्यावर भावनानं आईचा पदर ओढला. "पंचवीसच? पास व्हाले पस्तीस लागतात, रितिका म्हणे. मी नापास झाली?"

प्रेमिलानं तिला भिंतीशी बाकावर बसवलं. "अवं येडे, शंभरातले पंचवीस कापले त्यायनं. राहिले किती?"

भावनानं बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तिला काही ते जमेना.

"पंच्याहत्तर," प्रेमिला म्हणाली. "पंच्याहत्तर पडले तुले."

"बाप्पा! पंच्याहत्तर!" पोरगी बाकावरून उठलीच. "मंग पेढे घे ना वं. उद्या सेंटरात वाटतो. सगळ्याईले वाटतो. दर वर्षी पेपर देतो मी आता!"

"हाव, वाट," प्रेमिला म्हणाली. रांगेतली माणसं बघत होती, बघेनात का, तिनं पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडली.

भावना तिच्यासमोर उकिडवी बसली, आपल्या ओढणीनं तिचे डोळे पुसू लागली.

"रडून काहून राहिली वं आई? पास झाली ना मी."