मागच्या भिंतीतली हिरवी वायर

विजेवर चालणारी गाडी शुक्रवारी येणार होती, आणि मंगळवारी सकाळीच केबलवरून बापलेकांची जुंपली होती.

"वॉशिंग मशीनच्या मागे पॉइंट आहे की! तिथूनच चार स्क्वेअर जाडीची वायर ओढली की काम झालं," मुलगा म्हणाला.

"मुळीच नाही," वस्ताद म्हणाले. "गाडी सहा-सहा तास करंट ओढते. सहा स्क्वेअरचं तांबं घ्यायचं, थेट मीटरपासून. जुन्या वायरिंगला हात लावायचा नाही."

चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस. सगळे त्यांना वस्तादच म्हणत. दुसऱ्याच्या घरात दिवा लागला की आनंद ह्यांच्या तोंडावर दिसायचा. केबलचं त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण जुन्या वायरिंगला हात लावू नये, ह्याचं कारण वेगळंच होतं.

कामाला त्यांचाच शिष्य आला होता. शिकायला आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता टक्कल पडलं होतं.

"सहाचीच टाकू, वस्ताद. पण केबल कितीही जाड घ्या, अर्थिंग नसलं तर ह्या गाड्या रुसून बसतात, चार्जच होत नाहीत. तुमचं अर्थिंग बघून घेतो."

"नवं कर. जुनं कशाला बघतोस?"

"अहो, बघायला काय जातंय?"

मागच्या पडवीत जाऊन त्याने मशीनचा प्लग काढला. टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला लावलं. दिवा लागला. मग दुसरं टोक अर्थच्या भोकात घातलं. दिवा लागेना. पुन्हा घातलं. नाहीच.

शिष्य हसत सुटला. "दिव्याखाली अंधार! आणि आम्ही अर्थिंग विसरलो की कानाखाली आवाज काढायचात!"

मुलगाही हसला. वस्ताद हसले नाहीत.

वीस वर्षांपूर्वी घर बांधताना अर्थिंगची हिरवी वायर त्यांनीच मागच्या भिंतीपर्यंत आणली होती. बाहेर खड्डा खणून तांब्याची प्लेट पुरायची, वायर तिला जोडायची, एवढंच उरलं होतं. लोकांची कामं खोळंबली होती. म्हणाले, उद्या करू. गवंड्याने वायरीच्या वेटोळ्यावर गिलावा मारला. प्लेट जिन्याखाली पडून राहिली. बायको ती पुसून ठेवायची आणि विचारायची, "हिला कधी मूठमाती देताय?" उद्या, ते म्हणायचे.

अकरा वर्षांपूर्वी ती ओल्या पायांनी मशीनपाशी पडलेली सापडली. एक हात मशीनच्या पत्र्यावर होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. आठवड्याच्या आत वस्तादांनी ते मशीन भंगारात दिलं आणि प्लॅस्टिकच्या अंगाचं आणलं. त्यांना ते बघवत नाही, म्हणून लोक हळहळले. खड्डा मात्र त्यांनी तेव्हाही खणला नाही. खणला असता तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

"ही वायर गेलीय कुठे?" शिष्याने भिंतीवर टकटक केलं. "सापडली तर नव्या अर्थिंगला जोडून टाकू. नाहीतर सगळी भिंत फोडावी लागेल."

वस्तादांनी त्याच्या हातातून छिन्नी-हातोडा घेतला. बाहेर गेले, खिडकीच्या खाली वीतभर अंतरावर पहिलाच घाव घातला. तिसऱ्या घावाला गिलाव्याचा पोपडा निघाला आणि हिरवं वेटोळं बाहेर लोंबलं. त्याचं टोक सोललेलंसुद्धा नव्हतं.

मुलाचं हसू विरलं. "बाबा, तुम्हाला नेमकी जागा ठाऊक होती?"

"होती."

"आणि आई..."

"तुझ्या आईचा हात मशीनवरून मीच काढला." वस्ताद भिंतीकडे तोंड करून बोलत होते. "माझ्या बोटांना झिणझिण्या आल्या. मी मेन बंद केला, मग तुला हाक मारली."

शिष्य खाली बसून पिशवीतली हत्यारं उगाच खालीवर करू लागला.

"अकरा वर्षं," मुलगा म्हणाला. "माझी पोरं ह्या पडवीत आंघोळी करतात, बाबा."

वस्तादांनी जिन्याखालून ती प्लेट आणली. तिच्यावर आता हिरवट गंज चढला होता. सदऱ्याच्या टोकाने ते ती पुसत राहिले.

मुलाने पहार उचलली आणि भिंतीलगत पहिला घाव घातला. वस्ताद पुढे सरकले. "दे, थोडं मी खणतो. खड्ड्यात टाकायला मीठ-कोळसा लागेल, तो आणायला ह्याला पाठवू."

"तुम्ही नको." मुलाने वर पाहिलं नाही. "प्लेट तिथे ठेवा आणि आत जा."

त्यांनी प्लेट खाली ठेवली. पण आत गेले नाहीत. खड्डा कमरेइतका होईस्तोवर उन्हात उभे राहिले.