ओडीलचा बगळा

"चीफ, लवकर ये! तुझ्या थोबाडावरनं फडकं फिरवतायत!"

इस्त्रीच्या यंत्रापाशी उभी असलेली व्हर्ना हसून हसून पोट धरून वाकली होती. हर्बर्ट डुप्लेसीनं ओल्या चादरींची गाडी तिथंच सोडली आणि कामगारांच्या दाराला असलेल्या गोल काचेला नाक लावलं. पलीकडे हॉटेलची लॉबी होती. शिडीवर चढून एक माणूस भिंतीएवढा फोटो पुसत होता. फोटोत पिवळ्याधमक पिसांचा पोशाख, डोक्यावर दारात मावणार नाही एवढा मुकुट, आणि त्या मुकुटाखाली खुद्द हर्बर्ट.

"नाक जरा नीट पुस म्हणावं," हर्बर्ट म्हणाला. "आमच्या आईला फार आवडायचं ते."

फोटोखाली पितळेची पाटी होती. तिच्यावर न्यूयॉर्कच्या व्हिटलॉक नावाच्या फोटोवाल्याचं नाव होतं, आणि खाली 'मार्डी ग्रा, न्यू ऑर्लिन्स'. बस्स. त्या फोटोनं व्हिटलॉक साहेबाचं नशीब उघडलं. लोक त्याच्या प्रती घेऊन दिवाणखान्यात लावत. एका प्रतीच्या किमतीत हर्बर्टचं गळकं छप्पर पुरं बदलून झालं असतं. हर्बर्टला मिळालं काय, तर त्या सकाळी रस्त्यावर केलेला एक शेकहँड. पाहुणे त्या फोटोसमोर उभे राहून 'वाह वाह' करत आणि शेजारून चादरी ढकलत जाणाऱ्या माणसाला म्हणत, "जरा बाजूला होतोस का?"

पैशाचं त्याला काही वाटत नसे म्हटलं तर ते खोटं होईल. चांगलंच वाटायचं. पण खरी ठसठस वेगळी होती. फोटोतल्या त्या पिवळ्या छातीवर दलदलीत एका पायावर उभा असलेला पांढरा बगळा होता. एकेक मणी ओवून तो ओडीलनं शिवला होता. हर्बर्टची बायको. आजारपणात, उशीला टेकून. मार्डी ग्रा होऊन इस्टर यायच्या आत ती गेली.

मार्डी ग्रा म्हणजे इस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारचा सण; त्या दिवशी काळ्या लोकांच्या गल्लीगल्लीतल्या टोळ्या पिसांचे पोशाख घालून गात निघतात, आणि हर्बर्ट आपल्या टोळीचा चीफ. आणि टोळीचा नियम असा की पोशाख दरवर्षी नवा. त्या वर्षीचं मिरवणं संपलं की उसवायचा, मणी डब्यात, पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी. जुना पोशाख घालून निघणाऱ्या चीफला शेंबडं पोरही हसतं. ओडील गेली त्या वर्षी सगळ्यांनी सांगितलं, बगळा तेवढा ठेव. हर्बर्टनं तोही उसवला. कारण ओडीलनंच बजावलं होतं, "माझ्या नावानं रडत बसून नियम मोडलास तर बघ हं. वर आलास की तुझ्याशी बोलणार नाही." आता तो बगळा उभ्या जगात एकाच ठिकाणी उरला होता. त्या भिंतीवर, दुसऱ्याच्या नावावर.

दुपारी मॅनेजरनं त्याला बोलावलं. प्रुइट साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त आपण सगळ्यांवर उपकारच करतो, अशी त्याची पक्की समजूत होती.

"हर्बर्ट, आनंदाची बातमी आहे! मार्डी ग्राच्या आधीच्या शुक्रवारी आपण पार्टी ठेवलीय. खुद्द व्हिटलॉक येतोय. तू तो पोशाख घालून फोटोशेजारी उभं राहायचंस. कशी आहे कल्पना?"

"तो पोशाख नाही, साहेब."

"नाही म्हणजे? हरवलास?"

"उसवला."

प्रुइट त्याच्याकडे बघतच राहिला. "एवढा मोठा पोशाख? उसवला? अरे, एखाद्या म्युझियमनं तो सोन्याच्या भावानं घेतला असता!"

"हो. पण मग मला रस्त्यावर तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"बरं बरं. यंदाचा शिवतोयस ना? तो घाल. वेगळे पैसे देऊ. आणि हे बघ," प्रुइटनं आवाज खाली आणला, "पाटीवर तुझंही नाव घालू. मी शब्द देतो."

हर्बर्ट एक पाऊल पुढे आला. "बायकोचं घालाल? ओडीलचं?"

"दोघांचं घालू की! पितळ काय महाग आहे?"

त्या संध्याकाळी हर्बर्टनं लाल घेवडा-भात ताटात तसाच गार होऊ दिला. मागच्या खोलीचं कुलूप काढून तो नव्या पोशाखासमोर बसला. यंदा रंग होता पिकल्या जांभळाचा. छातीवर खिडकीपाशी बसून सुई ओवणारी बाई होती, डोळे बारीक केलेली, ओठ दाबलेले. हर्बर्टच्या बोटांत संधिवात भरला होता, तरी तो वर्षभर शिवत होता. हा रंग टोळीतल्या माणसांनाही माहीत नव्हता. मार्डी ग्राच्या सकाळी दार उघडून चीफ बाहेर येतो, तेव्हाच गल्ली तो बघते. आधी दाखवला की संपलं, वर्षाची मेहनत शिळी.

पण पाटीवर ओडीलचं नाव येणार होतं. जन्मभर टिकणाऱ्या पितळेवर. एका संध्याकाळचा तर प्रश्न. कोणाला कळणार? तो कितीतरी वेळ त्या बाईच्या मणी-डोळ्यांकडे बघत बसला. मग एकटाच हसला. ओडील काय म्हणाली असती, ते त्याला शब्दन् शब्द माहीत होतं. 'दारूचे ग्लास धरून उभ्या राहिलेल्या लोकांपुढे आधी नाचवणार मला? आणि मग उरलेली गल्लीला? वा रे माझा चीफ!'

सकाळी त्यानं प्रुइटला नाही म्हणून सांगितलं.

"वेडा आहेस का?" प्रुइट म्हणाला. "माझं काय जातंय? नुकसान तुझंच."

"हो साहेब," हर्बर्ट म्हणाला, आणि चादरी धुवायला गेला.

पार्टी झाली. व्हिटलॉक येऊन टाळ्या घेऊन गेला. शनिवारी हर्बर्टनं पार्टीचे टेबलक्लॉथ मशीनमध्ये घातले. दारूचे लाल डाग काही केल्या निघेनात. व्हर्नानं एक डाग चोळून पाहिला. मग म्हणाली, "नाव घातलं असतं रे त्यांनी."

"घातलं असतं."

"मग?"

"मग मंगळवारी दारातून बाहेर कोण आलं असतं, व्हर्ना? हॉटेलचा नोकर आला असता."

मंगळवारी सकाळी गल्ली माणसांनी फुलली होती. ढोल, खंजिऱ्या, म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून बसलेल्या. "चीफ! बाहेर ये!" असा एकच गिल्ला झाला. दार उघडलं. अंग तिरकं करून, पिसं सावरत, हर्बर्ट पायरीवर आला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. मग शेजारची म्हातारी मिस युलाली ओरडली, "अगं बाई, ही तर ओडील! ओडील आली!" आणि जो काय कल्लोळ उठला म्हणता! हर्बर्टला वाटलं, आता मेलो तरी चालेल. पण आज मरायचं नव्हतं. टोळी कुठून न्यायची, हे चीफ ठरवतो, आणि त्यानं काय ते ठरवलेलं होतं.

कोपऱ्यावर तो उजवीकडे वळला. निशाणवाला पुढून धावत परत आला. "चीफ, तिकडे कॅनाल स्ट्रीट! तिकडे आपण कधी जात नाही!"

"आज जातोय."

हॉटेलच्या पुढच्या दाराशी ल्युशस होता, सोनेरी गुंड्यांचा कोट घातलेला दरवान. हर्बर्टच्या बापाच्या काळात काळ्या माणसाला या दारातून आत यायची बंदीच होती. आता बंदी नव्हती. कामगारांसाठी मागचं दार होतं, एवढंच, आणि कामगार बहुतेक काळेच होते. ल्युशसनं टोळी येताना पाहिली. एकदा मागे वळून प्रुइटच्या खोलीकडे बघितलं. मग दोन्ही दारं सताड उघडून टोपी काढून उभा राहिला.

मुकुट दारात मावेना. आतून पाहुणे धावत आले, कॅमेरे निघाले. प्रुइट घाम पुसत पुढे आला. "हर्बर्ट! अरे, झकास! जरा वाकून आत ये ना! फोटोपाशी उभा राहा!"

"हा मुकुट घातल्यावर मान खाली जात नाही, साहेब. मी इथंच ठीक आहे."

आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून, समोरच्या भिंतीवरच्या पिवळ्या हर्बर्टकडे बघत, त्यानं गाणं धरलं. टोळ्या समोरासमोर आल्या की चीफ आपलं नाव गाऊन सांगतो, तसं. मी हर्बर्ट डुप्लेसी, बापाचं नाव क्लोव्हिस, बाप सुतार. तो भिंतीवरचा मी. ती पिसं मी शिवली. आणि तो बगळा, तो बगळा ओडीलचा! टोळी उत्तर द्यायची, "कोणाचा?" तो म्हणायचा, "ओडीलचा!" कामगारांच्या दारानं व्हर्ना आणि धुलाईची सगळी माणसं लॉबीत शिरली होती. तीही ओरडत होती, "कोणाचा?" मग पाहुण्यांपैकीही काही जण ओरडायला लागले. प्रुइटनं कान झाकले की टाळ्या वाजवल्या, कोणी बघितलं नाही. मान ताठ ठेवून हर्बर्ट वळला आणि त्यानं टोळी गल्लीकडे परत नेली.

दुसऱ्या दिवशी, उपासांच्या पहिल्या सकाळी चर्चमध्ये लावतात तो राखेचा क्रूस कपाळावर घेऊन तो नेहमीसारखा मागच्या दारानं कामावर आला. व्हर्ना इस्त्री करत होती. अगदी साळसूद.

"काय गं?"

"कुठं काय? बघ की काचेतून."

पितळी पाटीच्या खाली पांढरी कापडी पट्टी चिकटवलेली होती. कामगारांच्या कोटांवर नाव लावायला धुलाईत छापतात, तसली. तिच्यावर छापलं होतं, ओडील डुप्लेसी. दुपारी प्रुइटनं ती खरवडून काढली आणि सगळ्यांना दम भरला. सकाळी नवी पट्टी होती. तीही काढली. पुन्हा लागली. कोण लावतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दरवान म्हणे व्हर्ना, व्हर्ना म्हणे भटारखाना, भटारखाना म्हणे भूत. पुढच्या आठवड्यात पितळेला पॉलिश करणाऱ्या बाईनं पाटी घासून लखलखीत केली आणि पट्टीच्या कडेनं जपून फडकं फिरवलं. त्यानंतर प्रुइटही त्या भिंतीकडे बघेनासा झाला.

हर्बर्ट मात्र चादरींची गाडी ढकलताना काचेपाशी रोज थांबायचा. फार नाही, गाडीचं चाक सरळ करण्यापुरता.

सेंट जोसेफच्या सणाला पोशाख शेवटचा मिरवून झाला. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं खिडकीपाशी दिवा ओढला, चष्मा लावला आणि जांभळी छाती मांडीवर घेतली. सुई ओवणाऱ्या बाईचे डोळे त्यानं सगळ्यात शेवटी ठेवले. मग तेही उसवले. मणी धुऊन फडक्यावर वाळत घातले, आणि पुढच्या वर्षीचा रंग कोणता, याचा विचार करत बसला.