आठवडाभरासाठी ठेवलेला ढब्बू

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे. माणसं प्रवासाला निघाली की आपली कुत्री-मांजरं ज्या पाळणाघरात ठेवतात, तिथे मी असतो. वेल्डरने मला ऐसपैस बांधलं, निळा रंग दिला. "काय प्रशस्त खोली आहे हो!" असं लोक म्हणायचे. आता रंगाचे पोपडे निघालेत, कडी गंजली आहे. त्याचं मला काही नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

एका साहेबांनी घर बदलताना आपला कुत्रा ढब्बू माझ्यात ठेवला. "आठवडाभराचाच प्रश्न आहे," असं पाळणाघराच्या मालकीणबाईंना सांगून, त्याचं डोकं थोपटून ते गेले. आठवडा उलटला. त्यांचा फोन आधी नुसता वाजायचा, मग लागेनासाच झाला. मालकीणबाई पत्त्यावर जाऊन आल्या, तर दाराला कुलूप. कुठे गेले, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

ढब्बू मात्र प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठून बसायचा. त्याने अन्न सोडलं. डॉक्टरीणबाई त्याला तपासून म्हणाल्या, "आजार काही नाही याला. वाट बघतोय." मालकीणबाईंनी त्याला हाताने भरवून जगवलं आणि माझं दार कायमचं उघडं ठेवलं. तरी तो फाटकापलीकडे कधी गेला नाही. न जाणो, चुकामूक व्हायची!

वर्षं गेली. ढब्बूचं तोंड पांढरं झालं, मागचे पाय लटपटू लागले. पाळणाघराला नवं फाटक आलं, नवी पाटी लागली. त्यामुळेच साहेबांना जागा ओळखू आली नसावी. एक दिवस तेच साहेब एक गोंडस पिल्लू काखोटीला मारून आत आले. पाय मोकळे करायला त्यांची म्हातारी आईही गाडीतून उतरली.

ढब्बू धडपडत उठला. शेपूट हलवत गेला आणि साहेबांचा हात चाटू लागला. मी मनात ओरडलो, "अरे, चाव! एकदा तरी चाव!" पण त्याला कुठला राग!

"हा आपला ढब्बू!" आजी थबकल्या. "मला तर तू सांगितलंस, तो झोपेतच गेला म्हणून! किती रडले मी!"

"अगं आई, नव्या घरी एवढा मोठा कुत्रा चालत नव्हता. तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"आठवडाभरासाठी म्हणून ठेवलात आणि फोन बंद केलात," मालकीणबाई पुढे होऊन म्हणाल्या. "तेव्हापासून इथे नियम आहे. जनावर ठेवायचं तर दुसऱ्या जबाबदार नातेवाइकाचा पत्ता द्यायचा आणि आधीच्या जनावराचं काय झालं तेही सांगायचं. तुमचं उत्तर तर इथे समोर उभं आहे. पिल्लू मी ठेवून घेणार नाही."

"अहो, पण आमची रेल्वेगाडी चुकेल!"

तेवढ्यात आजी माझ्या उघड्या दारात फतकल मारून बसल्या. "तू जा बाबा. मलाच ठेव इथे. माझेही पाय आता चालत नाहीत. आठवडाभराने येशील ना? का सुनेला सांगशील, आईही झोपेतच गेली?"



त्या दिवशी प्रवास रद्द झाला. आजींच्या हुकमाने साहेबांनी ढब्बूचे मागचे पाय स्वतः उचलून त्याला गाडीत चढवलं. मागच्या सीटवर आजी, मांडीवर ढब्बूचं डोकं, शेजारी पिल्लू. साहेबांनी मान खाली घालून गाडी सुरू केली.

तरी माझा राग गेलेला नाही, मित्रांनो. एका पाळणाघरापुरता नियम काय कामाचा? जिथे पिल्लू विकलं जातं, तिथेच आधीच्या जनावराचं काय झालं, हे का विचारू नये? सोडून देणाऱ्याला जाब का विचारू नये? तुम्ही पिल्लासाठी हट्ट धराल, तेव्हा आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, "हे म्हातारं झाल्यावर याला जिना कोण चढवणार?" उत्तर मिळालं, तरच त्याला घरी आणा.