एकही गोळी न चुकवता

डोंबिवलीच्या शीला वर्तक निवृत्त मुख्याध्यापिका. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी हार्मोनची गोळी पाच वर्षं घ्यायला सांगितली, आणि चार वर्षांत बाईंनी ती एकदाही चुकवली नाही. ठाण्याच्या हॉस्पिटलात ओळख झालेल्या, कोळीवाड्यातल्या मीराबाई तीच गोळी सारख्या विसरत; त्यावरून त्या त्यांना फैलावर घेत.

"मना याद नाय रेत गो बाय," मीराबाई हसत. "मासली इकू का गोली खाव?"

पेशंट बायकांच्या गटात शीलाबाईंचा शब्द प्रमाण. कुणाची हाडं दुखली की त्या सांगत, "गोळीचा परिणाम. सोसायचं." स्वतःची कंबर तीन महिने ठणकली, तेव्हाही हेच. गटानं 'कॅन्सरवर मात' म्हणून त्यांचा सत्कार ठरवला. त्याच आठवड्यात तपासणीला गेल्यावर त्यांनी सहज कंबरेचा विषय काढला आणि डॉक्टरांनी स्कॅन करायला लावला.

"आजार मणक्यात पोचलाय," डॉक्टर म्हणाले. "या गोळीला आता दाद देत नाहीये. औषध बदलू. त्यावर पुष्कळ जणी वर्षानुवर्षं चांगल्या राहतात."

"पण मी एकही दिवस चुकवला नाही!"

"तुमचं काही चुकलं नाही. आजारानंच वाट काढली."

बाईंना हे पटेना. नापास करायचं तर निदान चूक तरी दाखवा!

सत्काराला त्या गेल्याच. शाल अंगावर पडली आणि त्यांनी माईक हातात घेतला. "दुखणं सोसा म्हणून मीच तुम्हाला सांगत आले. साफ चुकीचं सांगितलं. माझा आजार पसरलाय. ज्यांचं दुखतंय त्यांनी उद्याच दाखवा."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

मीराबाईंचीही पाठ दुखत होती. घाबरून त्यांनी स्कॅन केला. रिपोर्ट आणायला शीलाबाई सोबत गेल्या. रिपोर्ट स्वच्छ होता. टोपली उचलून पाठ आखडलेली, एवढंच. शीलाबाईंना आनंद झाला आणि असा संतापही आला, की रिक्षात बसल्यावर त्यांनी रिपोर्ट मीराबाईंच्या मांडीवर आपटला.

"रागावलीस गो?"

"हो. आता तरी गोळी वेळेवर घेत जा."

"कशाला? तू घेतलीस ना?"

"त्या गोळीनंच मला चार वर्षं दिली, मूर्खे!"

मीराबाईंनी निमूट पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि बाईंची नजर हटेना म्हणून पाण्याशिवायच गोळी गिळली.