नाव न सांगता मागितलेलं कनेक्शन

माझा नवरा प्रोग्रॅम लिहितो आणि मी त्यातल्या चुका काढते. घरातही आमची वाटणी हीच आहे. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर चालणारा आमचा प्रोग्रॅम म्हणजे त्याच्या गळ्यातला ताईत. त्यातला कुठलाही स्क्रीन स्वतः डेटाबेस उघडत नाही. ‘कनेक्शन हवंय’ एवढंच म्हणतो, आणि मधला कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅममधला वाटप करणारा भाग, ते आणून त्याच्या हातात ठेवतो. याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. आल्यागेल्याला तो हे इतकं रंगवून सांगायचा की पाहुणे चहा अर्धवट टाकून उठायचे.

सासऱ्यांना न्यूमोनिया झाला आणि त्याच हॉस्पिटलात त्यांना दाखल केलं. उशाशी बसायला अर्थात मी, कारण चिरंजीवांना आजारी माणूस बघवत नाही. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी बाई होती. आमच्याच पाठोपाठ दाखल झालेली. तिच्याजवळ तिची लेक बसायची, शाळेत शिकवणारी. मी सासऱ्यांचं अंग पुसायचे तेव्हा ती त्यांचा चष्मा सांभाळायची, आणि तिची आई झोपली की आम्ही दोघी एकाच थर्मासमधला चहा प्यायचो. मग एका सकाळी इंजेक्शन दिल्यावर म्हातारीचा चेहरा सुजला, श्वास घुसमटला. पडदा ओढला गेला. तो उघडला तेव्हा लेक जमिनीवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर सासऱ्यांसाठी नवं इंजेक्शन घेऊन आल्या. मी औषधाचं नाव विचारलं.

“अहो, बाबांना पेनिसिलिन चालत नाही.”

“मग दाखल करताना सांगायला नको का? स्क्रीनवर तर ‘अ‍ॅलर्जी नाही’ असं आहे. सगळे विसरतात आणि मग आमच्या नावाने खडे फोडतात.”

सिस्टर सुई परत घेऊन गेल्या. मी तणतणत खाली काउंटरवर गेले, कारण मी विसरत नाही. तिथल्या कारकुनाने सासऱ्यांची नोंद काढून दाखवली. पेनिसिलिन. स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रोग्रॅम एक, स्क्रीन दोन आणि उत्तरंही दोन.

जिन्यातूनच नवऱ्याला फोन लावला.

“नव्या व्हर्जनमध्ये काय बदललंस?”

“काही नाही गं. जुन्या पेशंटांचा डेटाबेस जोडला. एका ओळीचं काम.”

“ती ओळ कुठे टाकलीस?”

“आजच्या पेशंटांच्या कनेक्शनच्या खाली.”

दोघांनाही कळलं होतं. दोन्ही कनेक्शनं एकाच जातीची. काउंटरचा स्क्रीन आपलं कनेक्शन नावाने मागतो. वॉर्डातला अ‍ॅलर्जीचा स्क्रीन जुना, तो नुसतंच ‘कनेक्शन’ मागतो. नाव सांगितलं नाही की कंटेनर सगळ्यात शेवटी नोंदवलेलं देऊन मोकळा होतो, विचारत नाही, कुरकुरत नाही. म्हणजे वॉर्डातला स्क्रीन आजच्या पेशंटांना जुन्या पेशंटांत शोधत होता. काही सापडलं नाही की ‘नाही’ लिहीत होता.

“मला न दाखवता पाठवलंस?”

“तू बाबांजवळ होतीस ना,” तो म्हणाला.

वॉर्डात येऊन मी सिस्टरना सांगितलं, स्क्रीन दुरुस्त होतोय, तोवर प्रत्येकाला तोंडी विचारा, बाकीच्या वॉर्डांनाही कळवा. त्यांनी लगेच फोन फिरवले. का, ते मी सांगितलं नाही.

नवरा लॅपटॉप घेऊन धावत आला. अ‍ॅलर्जीच्या स्क्रीनला कुठलं कनेक्शन हवं ते नावाने लिहिलं आणि वॉर्डाच्या कॉम्प्युटरवर दुरुस्त व्हर्जन चढवायला लावलं.

“झालं. आता सगळं बरोबर दिसेल.”

“आणि शेजारची म्हातारी?”

त्याने मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले.

“बघितलंस तू,” मी म्हणाले.

“तिची पण नोंद आहे. पेनिसिलिनच.” मग हळूच म्हणाला, “तोंड उघडलं तर आपण संपलो. ती बाई काही परत येणार नाही.”

मला त्याचा इतका संताप आला की सासरे जागे नसते तर मी हात उगारला असता. आणि तरी क्षणभर मला ते पटलं. मूग गिळून बसणं काही अवघड नव्हतं.

तेवढ्यात म्हातारीची लेक आईची चप्पल आणि कवळी न्यायला आली. सासऱ्यांच्या पायाशी उभी राहिली.

“काका बरे दिसताहेत.” मग माझ्याकडे वळली. “वहिनी, त्या दिवशी काउंटरवर तुम्ही माझ्या पुढेच होतात. मी पेनिसिलिनचं सांगितलं होतं का हो? मला सांगितल्याचं आठवतंय. पण इथे म्हणतात, स्क्रीनवर काहीच नव्हतं. म्हणजे मीच विसरले असणार. भाऊ म्हणतो, आईला तूच मारलंस. त्याने घरात येऊ नको म्हणून सांगितलंय.”

नवरा माझ्याकडे बघत होता. मी वॉर्डाच्या कॉम्प्युटरपाशी गेले, तिच्या आईचं नाव टाकलं आणि स्क्रीन तिच्याकडे फिरवला. दुरुस्त व्हर्जन चढलं होतं. त्यात सगळं बरोबर दिसत होतं.

“तुम्ही सांगितलं होतंत, ताई. आमच्या प्रोग्रॅमने ते दाखवलं नाही. हा माझा नवरा. यानेच लिहिलाय.”

ती ओरडली नाही. आईच्या नावावर बोट ठेवून तिने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. सिस्टर हातातला ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

“म्हणजे मी विसरले नव्हते,” ती म्हणाली आणि रडायला लागली. बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिने फोन लावला आणि माझ्या नवऱ्यापुढे धरला.

“भावाला तुम्ही सांगा. माझ्यावर त्याचा विश्वास नाही.”

नवऱ्याने फोन घेतला. पलीकडून तिचा भाऊ म्हणाला, “आता आणखी काय राहिलंय तुझं?”